मंडळात ‘नाही’ म्हणत नाहीत

जारो, इलोइलो
१८ डिसेंबर १९८३, रविवार

प्रिय तोतो,

तुझी बोट सध्या कुठल्या पाण्यात आहे ते तुझ्या कंपनीलाच ठाऊक. हे पत्र योकोहामाच्या एजंटकडे पाठवतेय, तिथे पोचशील तेव्हा मिळेल. काल तियोच्या जादूगार मंडळाचा नाताळचा मेळावा झाला. तियो माझा काका असला तरी बाप तुझा, मेळावा त्याचा, आणि स्वयंपाक करून कंबर मोडली माझी. तेव्हा सगळं साग्रसंगीत ऐकून घ्यावं लागेल.

सुरुवातीला मानोंग तिबुर्सियोचं अध्यक्षीय भाषण. न्हावी माणूस, दुकानात दिवसभर त्याची जीभ कात्रीच्या पुढे धावते, पण हातात माइक आला की बोबडी वळते. मग दातांच्या डॉक्टरने टोपीतून ससा काढला. ससा निघाला आणि थेट कोपऱ्यातल्या देखाव्यात शिरून बाळ येशूच्या गव्हाणीतलं गवत खायला लागला. कुणी त्याला हाकलायला धावलं तर फादर म्हणाले, “खाऊ दे रे. त्या रात्रीसुद्धा तिथे जनावरंच होती.” डॉक्टरचा दुसरा खेळ तर साफ फसला. बँकेतल्या रोमुलोच्या नोटेचा नंबर ओळखायचा होता, सगळे आकडे चुकले. पण तुला माहीतच आहे, मंडळात ‘नाही’ म्हणत नाहीत. रोमुलोने नोटेकडे पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, “अगदी बरोबर!” त्यावर टाळ्या. हा नियम तियोनेच घालून दिलेला. एकदा कुणा नवख्याचा खेळ फसून तो रडत घरी गेला होता, तेव्हापासून.

भेटींच्या अदलाबदलीत नेहमीप्रमाणे प्रत्येकाने दुसऱ्याला दुहेरी तळाची पेटी दिली. मला मिळालेली अजून उघडलेली नाही, आत काहीतरी खुळखुळतंय. माझं पानसित मोलोचं सूप मात्र सगळ्यांनी पातेलं खरवडून संपवलं. हा एकच खेळ काल खरोखर साधला म्हणायचा.

शेवटचा मान तियोचा. पत्ता ओळखायच्या खेळासाठी दरवर्षी तो तिबुर्सियोच्या बायकोला उठवतो, यंदा त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून मलाच हाक मारली, “इंदाय, बाहेर ये. एप्रन असू दे, तशीच ये.” मी पत्ता उचलला, सगळ्यांना दाखवला, गड्डीत घातला. त्याने पिसलं, चाळलं, एक राणी उंच धरली. “हाच का तुझा पत्ता?” मी म्हटलं, “हो तियो, हाच.” छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं. तोतो, त्याचा चेहरा तू पाहायला हवा होतास. एवढं खूश मी त्याला तुझी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

घरी येताना म्हणाला, “यंदा कंदील काय सुरेख केलेत गं! प्रत्येकाभोवती रंगीत कडं आहे.” मला तर दरवर्षीचेच कागदाचे तारे दिसत होते. पण आनंदात होता, म्हणून त्यालाही ‘हो’ म्हटलं.

वेळेवर जेवत जा. बोटीवर सगळ्यांना रांधणारा स्वयंपाकीच उपाशी राहतो हे मला कळतं.

तुझी मानांग,
विसिंग


योकोहामा
६ जानेवारी १९८४

प्रिय मानांग,

हे पत्र तुझ्यापुरतं आहे, तातायला, तुझ्या तियोला, दाखवू नकोस.

तुझं पत्र भटारखान्यात उभ्याउभ्याच वाचलं. सशाचं वाचून हसलो, आणि राणीचं वाचलं तेव्हा कांद्याच्या पोत्यावर बसून रडलो. दुसरा स्वयंपाकी म्हणाला, कांद्यामुळे होतं असं. मी म्हटलं, हो.

तुला सांगितलं नव्हतं, पण गेल्या सुट्टीत मला तातायच्या डोळ्यांची काळजी लागली होती. जिना उतरताना पाय चाचपडत टाकायचा. मी म्हटलं, मनिलाला जाऊ, मोठ्या डॉक्टरला दाखवू. तर माझ्यावरच उखडला. शेवटी आमची पैज लागली. नाताळच्या मेळाव्यात त्याने पत्ता बरोबर ओळखला तर मी डोळ्यांचा विषय काढायचा नाही. चुकला तर त्याने मुकाट्याने डॉक्टरकडे जायचं. मी म्हटलं, मंडळातले लोक तर ‘हो’च म्हणणार. त्यावर तो म्हणाला, “म्हणून मी विसिंगला उठवीन. ती सभासद नाही, आणि तिची जीभ तुला ठाऊक आहे. ती कुणाची भीड ठेवत नाही.”

आणि तू ‘हाच’ म्हणालीस! माझा जीव भांड्यात पडला. कप्तान केव्हाचा विचारत होता, जानेवारीत उतरणार की आणखी वर्षभर राहणार. उतरून तातायला मनिलाला न्यायचं मी ठरवलं होतं. काल वर्षभराच्या करारावर सही करून टाकली.

म्हाताऱ्याला सांग, मी हरलो. आणि तुझे उपकार कसे फेडू? येताना तुझ्यासाठी जपानी सुऱ्या आणतो.

तुझा तोतो,
लिओपोल्दो


जारो
२२ जानेवारी

प्रिय तोतो,

पत्र मिळालं.

इकडे सगळं ठीक आहे. मागच्या पडवीचं पत्र्याचं छप्पर वाऱ्याने उचकटलं, ते बसवून घेतलं. कोंबड्यांपैकी तांबडी आता अंडी देत नाही, पण तियो तिला कापू देत नाही. तियोही ठीक आहे. परवा त्याने कॉफी कपाच्या शेजारी ओतली, पण किटलीची चोचच जरा वाकडी आहे. डोकं दुखतं म्हणतो. थंडीचे दिवस आहेत.

सहज विचारते, करारावर सही केली की ती मागे घेता येते का? म्हणजे कुणाला घरी यायचंच झालं तर? मला बोटीवरच्या नियमातलं काही कळत नाही, म्हणून विचारलं.

सुऱ्या आणू नकोस.

विसिंग


जारो
५ फेब्रुवारी

तोतो,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. बसून वाच.

नाताळात मी उचलली ती इस्पिकची राणी होती. तियोने वर धरली ती किलवरची. सगळ्या सभागृहाला दिसत होतं. मी ‘हो’ म्हटलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं स्वयंपाकघराच्या दारातून मी हेच बघत आले, मला वाटलं, मंडळात असंच बोलायचं असतं. पैजेचं मला ठाऊक नव्हतं. पण तुलाही खरं लिहिलं नाही, बापाची फजिती मुलाला कशाला कळवायची, असं वाटलं. आणि तुझं पत्र आल्यावरही मी तुला छप्पर आणि कोंबड्या लिहून पाठवल्या. त्याला मात्र माझ्याकडे काही सबब नाही. भ्याले. तू सही करून बसला होतास ना.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी तियोला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, “तियो, मी खोटं बोलले. तो पत्ता माझा नव्हता.” तो हसायला लागला. “सगळ्यांसमोर ‘हो’ आणि चुलीपाशी ‘नाही’? पोराने तुला फितवलंय. हरला तर हरला म्हणावं, असा रडीचा डाव खेळू नये.” मी शपथ घेतली तर म्हणाला, देवाला यात ओढू नकोस. मग मी तिबुर्सियोकडे गेले. म्हटलं, तुम्ही सांगा त्याला. ते खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या मानेवर पावडर फासत राहिले. “मी कसा सांगू विसिंग? मंडळाचा अध्यक्ष आहे मी. आणि राणी तर राणीच होती की. इस्पिकची काय, किलवरची काय.”

दरम्यान तियो रोज डोकं धरून बसायचा. एकदा भर दुपारी माझ्या अंगावर येऊन आदळला आणि मलाच म्हणाला, बघून चाल.

मग गुरुवारी आपल्या कांदेलारिया मातेची जत्रा आली. मिरवणूक झाली, दिवसभर पाहुण्यांना जेवायला घातलं आणि संध्याकाळी मंडळ आपल्या अंगणात जमलं. तियोने मलाच उठवलं. मी त्याला लाभते म्हणे. मी पत्ता उचलला, चौकटचा गुलाम. सगळ्यांना दाखवला. त्याने बदामचा गुलाम वर धरला. “इंदाय, हाच का?”

मी म्हटलं, “नाही.”

तिबुर्सियो उठले. “विसिंग, जरा नीट बघ.”

“नीट बघितलंय मानोंग. मला दिसतं.”

बोलून गेले आणि जीभ तोडून टाकावीशी वाटली. तियो म्हणाला, “थांबा, थांबा. पिसण्यात गडबड झाली. पुन्हा करू.” पुन्हा केलं. पुन्हा चुकला. मी पुन्हा ‘नाही’ म्हटलं. या वेळी तो माझ्याकडे बघत होता, म्हणजे मी उभी होते त्याच्या जरा बाजूला बघत होता. मग त्याने पत्ते गोळा केले. खोक्यात घालायला त्याला फार वेळ लागला. खोकं मिटवून म्हणाला, “मग डॉक्टरकडे जायला हवं. पोराला शब्द दिलाय मी.”

एवढंच. ओरडला नाही, भांडला नाही. शब्द दिलाय म्हणाला. हेच तो नाताळातही म्हणाला असता.

पाहुणे भराभरा उठले. मी पानांत बांधून ठेवलेले चिकट भाताचे इबोस कुणी नेले नाहीत. दातांच्या डॉक्टरची बायको फाटकातून मला ऐकू जाईल असं म्हणाली, “सणासुदीच्या दिवशी म्हाताऱ्याची अब्रू काढली. पुतणीच ती, पोटची असती तर काढली असती का?”

काल मोठ्या इस्पितळात गेलो. डॉक्टरीण तरुण आहे. तिने पहिलाच प्रश्न विचारला, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात का? तियो म्हणाला, हो, नाताळात दिसत होती, मला वाटलं यंदाचे कंदीलच तसे केलेत. तिने माझ्याकडे पाहिलं. काचबिंदू आहे. उजवा डोळा गेला तोतो, तो परत यायचा नाही. डावा शस्त्रक्रियेने वाचेल, आठवडाभरात करणार आहेत. ती म्हणाली, “कडी दिसायला लागली तेव्हाच आला असतात तर दोन्ही वाचले असते.” तिने काही मला उद्देशून म्हटलं नाही. तिला काय ठाऊक?

तू काय लिहिणार आहेस ते लिही. मी वाचेन.

विसिंग


सिंगापूर
२७ फेब्रुवारी

मानांग,

दोन्ही पत्रं एकदमच मिळाली. आधी कोंबड्यांचं वाचलं आणि मग दुसरं.

पहिल्या ‘हो’बद्दल मी तुला काही म्हणणार नाही. तुला माहीत नव्हतं. पण माझं पत्र हातात पडल्यावर तू मला काय लिहिलंस, तर किटलीची चोच वाकडी आहे! तुला फोन करता आला असता. तार करता आली असती. कंपनीच्या कचेरीत जाऊन रडली असतीस तरी त्यांनी मला कळवलं असतं. त्या दिवसांत त्या डोळ्यात काही शिल्लक होतं की नव्हतं, कोण सांगणार? तू जगातल्या कुणालाही तोंडावर सुनावतेस. मासळीबाजारात बायका तुला वचकून असतात. आणि नेमकी या एका ठिकाणी तुला भीड पडली?

आणि सांगितलंस तेही कसं, तर सगळ्या मंडळासमोर, सणाच्या दिवशी. त्याला दुसरं काय आहे त्या मंडळाशिवाय?

आता जास्त लिहीत नाही. लिहिलं तर वाईट लिहीन.

लिओपोल्दो


चित्तगाव
१५ मार्च

प्रिय मानांग,

तुझं उत्तर आलेलं नाही. येऊ नये असंच मी लिहिलं होतं. पण शस्त्रक्रिया व्यवस्थित झाल्याची तिबुर्सियोंची तार मिळाली. ती तूच करायला लावलीस हे मला कळतं. त्यांना स्वतःहून सुचलं नसतं.

सिंगापूरहून निघाल्यापासून एकच विचार डोक्यात आहे. मला बापाच्या डोळ्यांची काळजी होती तर मी त्याला दंडाला धरून न्यायला हवं होतं. मी काय केलं, तर पत्त्यांवर पैज लावली आणि बोटीवर चढलो. त्याने अशी पैज निवडली जिच्यात तू खरं बोलल्याशिवाय तो हरणार नव्हता. आणि मी ती मान्य केली, कारण मनातून मला ती हरायचीच होती, म्हणजे घरी थांबावं लागलं नसतं. तुझं ‘हो’ वाचून मला एवढं हलकं वाटलं की एकदाही उलटून विचारलं नाही. मी त्याच मंडळात लहानाचा मोठा झालोय. मला कळायला नको होतं?

तुला सगळ्यांसमोर का बोलावं लागलं, तेही आता समजलं. चुलीपाशी तू सांगून पाहिलं होतंस. मागच्या पत्रात मंडळासमोर बोलल्याबद्दल जे लिहिलं ते परत घेतो. बाकीचं अजून घेता येत नाही, थोडा वेळ दे.

सोबत वेगळं पान आहे. ते तातायला वाचून दाखव, जसंच्या तसं. कप्तानाशी बोललो. करार मोडायला तो तयार नव्हता, पण शेवटी पाघळला. मे महिन्यात मनिलाला उतरतोय आणि वर्षभर घरीच राहणार आहे.

तुझा,
लिओपोल्दो


जारो
९ एप्रिल

प्रिय तोतो,

तुझी दोन्ही पत्रं जपून ठेवली आहेत. पहिल्याला उत्तर दिलं नाही कारण त्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं. तू काही परत घेऊ नकोस. मला ते तसंच असलेलं बरं वाटतं.

तियोच्या डाव्या डोळ्यावरची पट्टी निघाली. माणूस ओळखतो, ताटातलं दिसतं, अक्षरं मात्र अजून एकमेकांत मिसळतात. डॉक्टरीण म्हणते, हळूहळू चष्म्याने जमेल. ताट उजवीकडे ठेवलं तर त्याला सापडत नाही, म्हणून मी आता सगळं डावीकडे ठेवते. परवा विसरले तर तोच मला म्हणाला, “असू दे, मान वळवायला काय मोल पडतं?”

तो माझ्यावर रागावलेला नाही. भेटायला येईल त्याला सांगतो, माझाच हट्ट नडला. दातांच्या डॉक्टरच्या बायकोला त्याने माझ्यासमोर सुनावलं, की विसिंग नसती तर मी आज भिंती चाचपत असतो. ती बाई ओशाळली, माझा हात धरून गेली. सगळे परत बोलायला लागले आहेत. आणि मला वाटतं, कुणीतरी मला चार शिव्या द्याव्यात. मी त्याला एकदा म्हटलंसुद्धा, “तियो, एकदाचं काय ते बोला मला.” तर म्हणाला, “काय बोलू? तो नाताळ माझा फार चांगला गेला.” मी मोरीत जाऊन नळ सोडून बसले.

तुझं पान मी त्याला काल सकाळी वाचून दाखवलं. एक अक्षर गाळलं नाही, एक घातलं नाही. तू मे महिन्यात येतोस, वर्षभर राहतोस, हे ऐकून तो खुर्चीत ताठ बसला. मग हळूच म्हणाला, “इंदाय, हे खरंच लिहिलंय का त्यात?”

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी उलटून बोलले असते. मी त्याला बरं वाटावं म्हणून तर सांगत नाही ना, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, “हो तियो, खरंच लिहिलंय.” माझ्याच कानांना ते कसंतरी लागलं. तो म्हणाला, “बरं.”

दुपारी त्याने ते पान मागून घेतलं, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं, काठी घेतली आणि म्हणाला, “कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाऊन येतो. डोळ्यांचे थेंब आणायचेत.” थेंबांची नवी बाटली मी सकाळीच त्याच्यासमोर टेबलावर ठेवली होती. त्या दुकानात हल्ली नवी मुलगी आलीय, बाहेरगावची आहे. आपल्या घरातल्या कुणाला ती ओळखत नाही, असेल तेच वाचून दाखवेल.

पायऱ्या उतरेपर्यंत त्याचा हात धरला, मग सोडला.

तुझी,
विसिंग